बदरुद्दीनचाचांनी भरलेला लोड

मंगरूळपीरला दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बदरुद्दीनचाचांचं गाद्या भरायचं दुकान आहे. गादी भरून टाके घालून झाली की चाचा तिच्यावर गुडघे टेकून बसतात आणि वळलेली मूठ आधी चारी कोपऱ्यांत, मग मधोमध दाबतात. मुठीला खालची फरशी जाणवली की टाके उसवून गादी पुन्हा भरायची. गिऱ्हाईक बाहेर जीप थांबवून उभं असलं तरी यात बदल नाही. "झोपणाऱ्याच्या हाडाले जमीन कळली नाही पायजे," एवढंच ते म्हणतात. छत्तीस वर्षं हाच नेम चालू आहे.

घराची म्हणून त्यांची आणखी एक रीत आहे. मुलगी जन्मली की दर हंगामात लांब धाग्याची पांढरीशुभ्र रुई थोडी थोडी तिच्या नावाच्या पोत्यात टाकायची. लग्न ठरलं की त्या रुईची गादी बापाने एकट्याने भरायची, तिला कारागिराचा हात लागू द्यायचा नाही. थोरल्या दोघींची पोती अशी रिकामी झाली. धाकट्या जिकराचं पोतं तेवढं माळ्यावर राहिलं होतं. त्यात वीस हंगामांची रुई होती.

जिकरा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. अंगाने भरलेली, बोलायला कमी. शाळेत खेळाच्या तासाला तिला कायम गुण लिहायला बसवायचे. तिने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे तिला खेळायचं असेल असं घरात कुणाच्या मनात आलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती दुकानात येऊन उभी राहिली. चाचा दाभणात सुतळी ओवत होते आणि त्यांची बायको सुगराबी मशीनवर खोळ शिवत होती.

"अब्बा, एक विचारू? रागावू नका."

"म्हणजे रागावण्यासारखंच हाय."

"कॉलेजात पोरींची रग्बीची टीम होऊन राह्यली. सरिता मॅडमनं नावं मागितली. मी दिलं."

"नाव दिलं, तं मंग विचारून काय राह्यली?"

जिकराने मोबाइल पुढे केला. सुगराबी मशीन थांबवून वाकली. चिखलात दहा-बारा बायका एका लांबट चेंडूमागे धावत होत्या. एकीने चेंडू छातीशी धरला की दुसरी येऊन तिच्या मांड्यांना मिठी मारायची आणि दोघी धाडकन खाली.

"या बायांले झालं काय?" सुगराबी म्हणाली. "अन् सोडवाले कोणीच काहून येत नाही?"

"अम्मी, तोच खेळ हाय."

"दात पडले तं? लग्नात काय हात धरून हसशीन तोंडावर?"

सरिता मॅडम चाचांच्या ओळखीच्या होत्या. आसेगावच्या भिवाजींची मुलगी, विद्यापीठाकडून खेळलेली, आता कॉलेजात खेळ शिकवणारी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आईची गादी चाचांनीच भरली होती. "मॅडमनं तुलेच काहून घेतलं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं नाही अजून. तुमी मले डबल गादी घेऊन जीपकडे पाठवलं होतं ना, तवा त्यांनी पाहिलं. म्हणे, हा खांदा मले पायजे."

हे सांगताना तिचा हात आपोआप खांद्यावर गेला. या खांद्यावरून तिने लहानपणापासून गाद्या वाहिल्या होत्या. तो कुणाला हवासा वाटेल हे तिलाही नवीन होतं. चाचांनी तिचा चेहरा पाहिला आणि दाभण खाली ठेवलं.

निवड अकरा जानेवारीला, रविवारी होती. मॅडमनी एका कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या होत्या. मैदानाला आठ फेऱ्या न थांबता, चौदा मिनिटांच्या आत. वीस जोर. आणि तीन टॅकल, म्हणजे धावून येणाऱ्या मुलीला खांदा लावून, मिठीत धरून पाडायचं. तीनपैकी दोन तरी जमले पाहिजेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल चालेल, असंही त्यांनी खाली लिहिलं होतं. ती ओळ सुगराबीने दोनदा वाचून घेतली.

"पाय मोडून पलंगावर पडली तरी मी पाहायची नाही तिच्याकडे," ती म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी पँट शिवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी फजरची नमाज झाल्यावर बापलेक आसेगावच्या रस्त्याला लागले. जिकरा पुढे पळत, चाचा मागून सायकलवर. मोजायला विजेचे खांब होते. पहिल्या दिवशी नवव्या खांबाला जिकरा वाकून उभी राहिली. तिच्या छातीचा भाता थांबेना. लहानपणापासून रुईच्या धुळीत बसलेल्या मुलीला दम लागणारच, असं चाचांच्या मनात आलं.

"किती झाले, अब्बा?"

"नऊ. उद्या दहा पाहू."

रस्त्यावर मदनसिंगची चहाची टपरी होती. चार दिवस त्याने नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी मात्र त्याला राहवलं नाही.

"चाचा, पोरगी रोज तुमच्यापासून पळून राह्यली, अन् तुमाले सायकलवर बसूनही सापडून नाही राह्यली?"

"सापडली तं तुया टपरीवर आणून बसवीन," चाचा म्हणाले. "फुकट चहा पाजशीन काय?"

"चौदा मिनिटांत आली तं पाजीन."

दहाचे पंधरा झाले, पंधराचे बावीस. दहा डिसेंबरच्या सुमारास तिसाव्या खांबाजवळ जिकरा पहिल्यांदा बोलत बोलत पळाली. त्या दिवशी चाचांना पायडल जरा जोरात मारावं लागलं. सुगराबी सकाळी भिजवलेले चणे आणि दोन उकडलेली अंडी ताटलीत ठेवून द्यायची, वरून "मी काही खेळासाठी नाही देत, हिवाळा हाय म्हणून देते," असं सांगायची. जोर दुकानातल्या फरशीवर चालायचे. सुरुवातीला गुडघे टेकून सहा. मग गुडघे न टेकता दोन. मग पाच. गादी न्यायला आलेली गिऱ्हाइकं बाजूने वाट काढत.

राहिलं टॅकल. ते एकटीने होत नाही. मॅडमच्या सरावाला मोठा उभा लोड होता, तसा घरी असता तर रोज शंभरदा खांदा लावता आला असता, असं जिकरा जेवताना सहज म्हणून गेली. चाचांचा घास हातातच राहिला. "लोड म्हणजे आपलाच धंदा हाय की," ते म्हणाले.

सुगराबीने पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची पाच फूट उंच खोळ शिवून दिली. भरायच्या दिवशी चाचांनी कारागिराला सुट्टी दिली, दुकानाचा पडदा ओढला आणि दुपारभर आत एकटेच बसले. संध्याकाळी लोड तयार होता. त्यांनी नेमाप्रमाणे मूठ दाबली, मूठ कोपरापर्यंत आत गेली. त्यांना समाधान वाटलं.

अंगणात लोड उभा करून ते मागून धरायचे. जिकरा पाच पावलं धावत यायची, लोडाला मिठी मारायची आणि तो मधोमध वाकून तिच्या कवेत यायचा. लोड आणि ती अलगद खाली. तिला कुठे खरचटलं नाही, दुखलं नाही. आठवड्याभरात ती डोळे मिटून लोड पाडायला लागली. चाचांनी मदनसिंगला सांगून टाकलं की पोरीचं टॅकल झालं, आता फक्त फेऱ्यांचीच काय ती काळजी.

सव्वीस डिसेंबरला मॅडमनी पहिल्यांदा मुलींना एकमेकींसमोर उभं केलं. जिकरासमोर सोमला राठोडची शेवंता आली. तांड्यावरची मुलगी, उसाच्या मोळ्या उचलून तयार झालेलं अंग. त्या दुपारी जिकरा घरी आली ती तोंडावर ओढणी धरून. खालचा ओठ फाटून सुजला होता. सुगराबीने पाणी गरम करायला ठेवलं.

"काय झालं?" चाचांनी विचारलं.

"काही नाही. माह्यंच चुकलं."

संध्याकाळी ती अंगणात गेली, लोडाकडे बघत थोडा वेळ उभी राहिली आणि त्याला हात न लावता आत आली. ते चाचांच्या नजरेतून सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरिता मॅडम स्वतः दुकानात आल्या.

"चाचा, काल तुमच्या जिकरानं शेवंताच्या कमरेवर गाल टेकला. उशीवर टेकवा तसा. घरी कशावर खेळून राह्यली ते?"

चाचांनी मोठ्या हौसेने लोड आणून उभा केला. मॅडमनी चप्पल काढली, दोन पावलं मागे गेल्या आणि खांदा लावला. लोड वाकला आणि मॅडम खांद्यापर्यंत त्यात बुडाल्या. क्षणभर तशाच राहिल्या.

"चाचा, याच्यात तं मले झोप लागीन."

चाचा खुलले. "लागणारच. अशी रुई आता बाजारात भेटत नाही, मॅडम."

मॅडम हसल्या नाहीत. "माणूस असा वाकत नाही, चाचा. हा लोड सोताच मिठीत येते. पोरीले वाटते, समोरची बी तशीच येईन. म्हणून ते डोकं बाजूले घेत नाही, गाल पुढं करते. काल ओठावर गेलं. शेवंताचा गुडघा लागला असता तं मान गेली असती. पंधरा दिवस राह्यले. ही सवय मोडली नाही तं मी तिचं नाव लिहिणार नाही. रागानं नाही, मले भेव वाटते म्हणून."

चाचांनी लोड हाताने चाचपला. "जिकरा मले काही बोलली नाही."

"ते बोलणारही नाही. तुमी भरला ना तो."

"मंग खेळच बंद करतो तिचा. काय अडलं हाय?"

मॅडम खाली गादीच्या कडेवर बसल्या. "माह्या मायची गादी आठवते तुमाले?"

चाचांना आठवत होती. भागिरथाबाईंच्या कमरेचा मणका दबला होता. त्यांनी नरम गादी मागितली होती आणि चाचांनी पाटासारखी कडक भरून दिली होती. पहिल्या दिवशी बाई त्या गादीवर बसून रडल्या होत्या, एवढी कडक काहून भरली बावा, म्हणून.

"तवा तुमी मायले काय म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं," चाचा म्हणाले, "मावशी, नरम दिली तं तुमी उठणारच नाही."

"आज ते वावरात जाते. चालत जाते." मॅडमनी चप्पल घातली. "येते, चाचा."

परक्या बाईची कंबर सुधारावी म्हणून तिला रडू द्यायला चाचांचा हात कचरला नव्हता. स्वतःच्या मुलीच्या वेळी मात्र धंद्यातलं एवढं साधं ज्ञान त्यांना आठवलं नाही. त्यांनी पडदा ओढला, लोड आडवा केला आणि टाके उसवायला घेतले.

सुगराबी चहा घेऊन आत आली तेव्हा फरशीवर पांढऱ्या रुईचा ढीग पडला होता. तिने खाली बसून चिमूटभर रुई बोटांत ओढून पाहिली. धागा लांबच लांब निघाला. तिने मान वर करून माळ्याकडे पाहिलं. पोतं दुमडून कोपऱ्यात ठेवलेलं होतं.

"हे तिच्या गादीची रुई हाय."

"हाव."

"लग्नाच्या गादीची."

"हाव म्हटलं ना. तिले लागलं नाही पायजे म्हणून घातली." चाचांनी मान खाली घातली. "अन् त्याच्यानंच लागलं."

सुगराबीला खूप काही बोलायचं होतं हे दिसत होतं. वीस वर्षं त्या पोत्याला उंदीर लागू नये म्हणून तिने कडुलिंबाचा पाला बदलला होता. पण नवऱ्याच्या दाढीत, भुवयांत रुईचे कण अडकले होते आणि तो त्या ढिगासमोर चूक पकडलेल्या मुलासारखा बसला होता. तिने चहाचा कप त्याच्या हातात दिला, स्वच्छ चादर आणली आणि रुई गोळा करून बांधायला लागली.

"आता काय भरता?"

"जे नरम नाही ते."

जुन्या गाद्यांतून निघालेली, गठ्ठे झालेली रुई दुकानामागे पडलेली असते. चाचांनी ती घेतली. त्यात फाटकी सतरंजी, गोणपाटाचे तुकडे कोंबले, तळाला वाळूच्या दोन थैल्या टाकल्या आणि प्रत्येक थर काठीने ठोकून ठोकून बसवला. लोड वजनकाट्यावर बेचाळीस किलो भरला. मग टाके घालून त्यांनी मूठ दाबली. मूठ बोटभरही आत गेली नाही. एवढा कडक माल त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा भरला होता, भागिरथाबाईंची गादीही याच्यापुढे नरम होती.

सकाळी अंगणात जिकरा पाच पावलं धावत आली, लोडाला धडकली आणि मागे खाली बसली. लोड जागचा हलला नव्हता.

"अब्बा, याच्यात भरलं काय?"

"शेवंता."

जिकरा खाली बसल्या बसल्याच हसली, आणि हसताना ओठ दुखला म्हणून तिने तोंडावर हात धरला. चाचांना मात्र हसू आलं नाही. आधीच्या लोडामागे उभं असताना त्यांना कधी काही जाणवलं नव्हतं. सगळं रुईतच जिरत होतं. आज तिचा खांदा लागला तो दणका लोडातून आरपार त्यांच्या छातीपर्यंत आला. तिला किती लागतं ते आता त्यांना मोजून कळणार होतं.

"डोकं बाजूले," ते म्हणाले. "गाल मागं. खांदा अगोदर. पुन्हा ये."

पुढचे पंधरा दिवस असे गेले. रोज साठ दणके. तिसऱ्या दिवशी लोड डुलला, सहाव्या दिवशी पडला. डोळे मिटून मारायची सोय आता नव्हती. डोकं चुकीच्या जागी गेलं की लोडच शिकवत होता. जिकराच्या खांद्यावर निळे डाग उठले. रात्री सुगराबी तव्यावर रुईचा गोळा गरम करून शेक द्यायची. शेक देताना ती मुलीशी काहीच बोलायची नाही, बाहेर बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात खुदाशी मात्र बोलायची. आणि चाचाही सदरा बदलताना आता दार लोटून घ्यायचे, कारण त्यांच्या छातीवरही एक डाग उठला होता.

अकरा तारखेला जिकरा म्हणाली, "तुमी येऊ नका, अब्बा." दारापर्यंत जाऊन परत आली. "या. पण दूर उभे राहजा."

चाचा मैदानाच्या तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. थोड्या वेळाने मदनसिंग थर्मास घेऊन शेजारी आला. त्याने टपरी बंद ठेवली होती.

"सायकल नाही आणली, चाचा? आज पोरगी कोणाच्या भेवानं पळीन?"

आठ फेऱ्या तेरा मिनिटं चाळीस सेकंदांत झाल्या. सतराव्या जोराला जिकराचे हात थरथरायला लागले. अठरावा झाला. एकोणिसाव्याला ती मध्येच थांबली, चाचांनी तार धरली, आणि ती वर आली. विसावा कसा झाला ते तिलाही नंतर सांगता आलं नाही.

मग टॅकल. समोर शेवंताच होती. पहिल्या वेळी शेवंता बाजूने निसटून गेली आणि जिकराच्या हातात नुसती हवा आली. दुसऱ्या वेळी मिठी बसली. दोघी फरफटत चार पावलं गेल्या आणि पडल्या. मॅडमनी कागदावर खूण केली. तिसऱ्या वेळी शेवंता सरळ अंगावर आली, चेंडू छातीशी, गुडघे उंच उचलत. चाचांना फक्त एक गोष्ट पाहायची होती. जिकराचं डोकं बाजूला गेलं. गाल मागे गेला. खांदा लागल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला आणि चाचांच्या छातीवरच्या डागाला तो ओळखीचा वाटला.

दोघी पडल्या. आधी शेवंता उठली आणि तिने हात पुढे केला.

"परवापर्यंत लोण्यावाणी होती वं तू. कुठं शिकली?"

"घरी. पंधरा दिवस तुलेच मारून राह्यली."

"मले?"

"आमच्या लोडाचं नाव शेवंता हाय."

बारा नावं वाचली गेली. जिकराचं अकरावं होतं. मदनसिंगने थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि चाचांपुढे धरला. "वीस सेकंद लवकर आली," तो म्हणाला. "फुकट हाय, घ्या." चाचांनी तो घेतला.

त्या रविवारी दुपारी त्यांनी पुन्हा कारागिराला सुट्टी दिली. चादरीत बांधलेली रुई काढली, हाताने मोकळी केली आणि एक गादी भरायला घेतली. सुगराबी दारात येऊन उभी राहिली.

"हे काय? सोयरीक आली काय कुठून?"

"नाही. पोरीच्या खांद्याले आज नरम लागीन."

"अन् लग्नात काय देता?"

"कापूस दरसाल पिकते. तुया मशीनवर खोळ घे शिवाले."

सुगराबी मशीनवर बसली, आणि ठेवणीतलं जांभळ्या फुलांचं कापड तिने न शोधताच बाहेर काढलं.

गादी संध्याकाळी घरात अंथरली. जिकरा तिच्यावर फक्त पाठ टेकून पाहते म्हणाली आणि मगरिबची अजान व्हायच्या आत झोपली, एका कुशीवर, निळा खांदा खाली घेऊन. चाचा दबकत आत आले. तिच्या खांद्याजवळ गुडघे टेकून बसले, मूठ वळली आणि गादीच्या कडेला हळूच दाबली. जमीन लागली नाही.